परत मिळालेले पैसे मी त्याच्यासमोर मोजले

पायवाट (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात एकटीच लांबच्या प्रवासाला गेले होते. परका देश, भाषा अजिबात न येणारी. तिथे घडलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे मांडतेय.

एका बसस्थानकात गाडी बदलायची होती. मध्ये दीड तास होता. प्रतीक्षालयातल्या बाकावर मी सगळी बॅग उपसली आणि पुन्हा भरली. त्या गडबडीत पैशांचा कापडी बटवा बाकावरच राहिला. त्यात उरलेल्या बारा दिवसांचे पैसे होते. कार्ड दोन दिवसांपूर्वीच चालेनासं झालं होतं, म्हणजे जवळ काय ते तेवढंच. मी गाडीत जाऊन बसले. गाडी फलाटावरून मागे घेऊन वळत होती, तेवढ्यात कुणीतरी बाहेरून पत्र्यावर थापा मारायला लागलं. स्थानकातला सफाई कामगार होता. झाडू तिकडेच टाकून पळत आलेला. चालकाने दार उघडलं. त्याने बटवा वर धरला, मी पुढे जाऊन घेतला.

आणि तिथेच, दाराच्या पायरीवर उभं राहून, मी पैसे मोजले.

तो खाली उभा होता, धापा टाकत. गाडीतले लोक बघत होते. मोजून झाल्यावर मला त्याच्या भाषेतला जो एक शब्द येत होता तो, ‘धन्यवाद’, म्हणाले. गाडी निघाली. माझ्या हिशेबाने तीन मोठ्या नोटा कमी होत्या.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्याच्यासमोर मोजायला नको होतं का? आणि ज्याने बटवा परत आणून दिला त्याच्याबद्दल मनात संशय ठेवणं योग्य आहे का? घरच्यांपैकी अर्धे म्हणतात, ‘मिळाले ना, विसर आता.’ उरलेले म्हणतात, ‘तीन नोटांत सुटलीस.’ दोन्ही ऐकून मला बरं वाटत नाही.

तिन्हीसांज

मोजण्यात चूक काहीच नाही. बँकेतला रोखपाल आपल्यासमोर मोजून देतो, आपण त्याच्यासमोर परत मोजून घेतो, कुणालाच राग येत नाही. पण तिथे दोघांनाही आधीपासून ठाऊक असतं की मोजायचंच आहे. हा माणूस पळत आला तेव्हा त्याच्या मनात मोजणी नव्हती. मी असते तर जागेवर जाऊन बसले असते आणि मग मोजले असते.

सरळरेघ

मला उलट वाटतं. जागेवर बसून मोजले असते तर पायवाट यांनी त्याला त्याच्या पाठीमागे चोर ठरवलं असतं आणि त्याला ते कधी कळलंही नसतं. समोर मोजले हे जास्त सरळ झालं.

आणि स्पष्टच बोलतो, नोटा त्यानेच काढल्या असणार. अख्खा बटवा ठेवून घेणं धोक्याचं, स्थानकात कॅमेरे असतात. तीन नोटा काढून बाकीचे परत केले की पैसेही मिळाले आणि नावही झालं. परत करणारे पुष्कळ जण आपला वाटा आधीच काढून घेतात. पैसे परत आले या आनंदात आपण तिकडे बघत नाही, एवढंच.

आकडेमोड

सरळरेघ, ‘पुष्कळ जण वाटा काढून घेतात’ हे वाक्य मी तसंच जाऊ देणार नाही. नेमकं हेच तपासून पाहिलं गेलंय.

२०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. ४० देश, ३५५ शहरं, १७ हजारांहून जास्त पाकिटं. संशोधकांचा माणूस बँक, हॉटेल, संग्रहालय, टपाल कार्यालय किंवा पोलीस ठाण्याच्या काउंटरवर जायचा, ‘हे मला बाहेर रस्त्यात सापडलं, मी घाईत आहे, तुम्ही बघाल का?’ असं म्हणून पाकीट द्यायचा आणि निघून जायचा. पाकीट पारदर्शक होतं. आत एक किल्ली, सामानाची यादी आणि मालकाचं नाव व ईमेल असलेली तीन कार्डं. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत साधारण १३ डॉलर किमतीचं त्या त्या देशातलं चलन होतं.

पैसे नसलेल्या पाकिटांबाबत सुमारे ४० टक्के लोकांनी मालकाला कळवलं. पैसे असलेल्यांबाबत ५१ टक्के. म्हणजे पैसे होते तेव्हा जास्त जणांनी कळवलं! मग अमेरिका, ब्रिटन आणि पोलंड इथे रक्कम वाढवून ९४ डॉलर केली. रिकाम्या पाकिटांचं प्रमाण ४६ टक्के, थोडे पैसे असलेल्यांचं ६१ आणि भरपूर पैसे असलेल्यांचं ७२. संशोधकांनी २७९ अर्थतज्ज्ञांना अंदाज विचारला होता, सामान्य लोकांनाही. दोघांचाही कल उलट्या बाजूला होता, रक्कम वाढली की पाकीट परत येणं कमी होईल असा. आपणही तोच अंदाज बांधला असता.

आता तुमच्या मुद्द्याचं. ‘कळवलं खरं, पण पैसे काढून घेतले असतील तर?’ हा प्रश्न त्यांनाही पडला. म्हणून स्वित्झर्लंड आणि चेक प्रजासत्ताकात त्यांनी काही पाकिटं प्रत्यक्ष जाऊन परत घेतली. आतली ९८ टक्क्यांहून जास्त रक्कम जशीच्या तशी होती.

किल्लीबद्दलही सांगतो, मला तो भाग सगळ्यात आवडला. काही पाकिटांत मुद्दाम किल्ली ठेवली नव्हती. किल्ली सापडणाऱ्याच्या काही कामाची नाही, मालकाच्या मात्र फार कामाची. किल्ली असलेली पाकिटं जास्त परत आली. म्हणजे लोक नुसता ‘मी चोर ठरेन’ असा विचार करत नव्हते. जिची वस्तू आहे तिचं काय होईल, हाही विचार त्यांच्या मनात होता.

उंबरठा

आकडे वाचून बरं वाटलं. पण प्रवासात ‘हे तुमचं आहे का?’ म्हणत येणारा प्रत्येक जण तसा नसतो, हेही इथे लिहिलं पाहिजे. कारण प्रामाणिकपणाचंच सोंग घेऊन फसवणारे आहेत.

पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी चालणारा अंगठीचा प्रकार प्रसिद्ध आहे. कुणीतरी तुमच्या पायाशी वाकून सोन्यासारखी अंगठी उचलतं, ‘तुमची पडली का?’ विचारतं, नाही म्हटलं तर ‘मग तुम्हीच ठेवा’ म्हणतं आणि मग पैसे मागतं. अंगठी पितळेची असते.

दुसरा प्रकार माझ्यावर बेतला होता. पुढे चाललेल्या माणसाचं पाकीट पडलं. मी उचललं, हाक मारली, परत दिलं. त्याने उघडून पाहिलं आणि चेहरा बदलला, ‘यातले पैसे कुठे गेले?’ लगेच त्याचा एक जोडीदार उगवला. ‘तुमचं पाकीट दाखवा, नोटा ओळखून सांगतो.’ मी पाकीट काढलं नाही. शेजारच्या हॉटेलच्या स्वागतकक्षात शिरलो आणि तिथल्या बाईंना पोलिसांना बोलवायला सांगितलं. बाहेर पाहिलं तर दोघेही नाहीसे झाले होते.

त्यानंतर कितीतरी महिने मी रस्त्यावर पडलेल्या कुठल्याही वस्तूला हात लावला नाही. एकदा एका म्हातारबाबांची पिशवी राहिली होती, तीही नुसती लांबून दाखवली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पण पायवाट, तुमच्या गोष्टीत मला एक खूण दिसते. ठगाला भेट लांबवायची असते. देऊन झाल्यावर त्याचं काम सुरू होतं. पैसे, मदत, तुमचं पाकीट बघणं, सोबत चला, काहीतरी पुढचं असतंच. तुमचा माणूस तर गाडी सुटत असताना आला. त्याला पुढचं काही साधायचंच नव्हतं.

सरळरेघ

आकडेमोड, अभ्यास चांगला आहे, पण तो काउंटरवरच्या पगारदार माणसांचा आहे. ज्याच्या हातात पाकीट दिलंय त्याला दुसऱ्या कुणीतरी देताना पाहिलंय. बाकावर एकट्याला सापडलेला बटवा वेगळा. आणि ९८ टक्क्यांची पडताळणी दोनच देशांत झालेली. सफाई कामगाराला किती पगार असतो हेही बघायला हवं. गरज माणसाला काय करायला लावेल सांगता येत नाही.

आकडेमोड

पहिले दोन आक्षेप मान्य. आणखी एक मीच जोडतो. त्या अभ्यासात ‘ईमेल आला का’ एवढंच मोजलं होतं. चीनचा क्रमांक त्यात फार खाली लागला. मग तिथल्या संशोधकांनी १० शहरांत ५०० पाकिटं ठेवून तोच प्रयोग पुन्हा केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ईमेल करणारे चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त निघाले. पण प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर तीन चतुर्थांशाहून जास्त पाकिटं जपून ठेवलेली होती. मालक शोधत येईल म्हणून लोक थांबले होते. न कळवणारा चोरच असतो असं नाही, हे मला त्यातून नव्याने कळलं.

गरजेबद्दल तुमच्या बाजूचाही एक पुरावा आहे, तो लपवत नाही. नेदरलँड्समध्ये संशोधकांनी श्रीमंत आणि गरीब घरांत मुद्दाम चुकीच्या पत्त्यावरची पत्रं टाकली, आत पैसे आहेत हे बाहेरून दिसेल अशी. श्रीमंत घरांतून कितीतरी जास्त पत्रं परत गेली. पण पैशांची ओढाताण हिशेबात धरल्यावर दोघांच्या परोपकारबुद्धीत फरक उरला नाही. गरिबाच्या मागे त्या आठवड्यात हजार चिंता असतात, पत्र परत टाकणंही राहून जातं.

म्हणून मला विचाराल तर ज्याच्यावर एवढा ताण असूनही जो झाडू टाकून गाडीमागे पळाला, त्याच्या पळण्याचं वजन मी जास्त धरीन. ‘गरीब होता म्हणून घेतले असतील’ हे त्या अभ्यासातून निघत नाही.

जुनी खिडकी

मी अकरा वर्षं एका मोठ्या स्थानकाच्या हरवले-सापडले कक्षात काम केलंय. आता निवृत्त आहे. वाचत होतो, राहवलं नाही.

पहिली गोष्ट, हरवलेल्या पैशांचा आकडा सांगताना माणसं सहसा खोटं बोलत नाहीत. चुकतात. आणि चूक जवळजवळ नेहमी एकाच दिशेने होते. शेवटचे मोजले तेव्हाचा आकडा डोक्यात पक्का बसलेला असतो. त्यानंतर तिकीट काढलेलं असतं, कुणाला सुटे दिलेले असतात, एखादी मोठी नोट मोडलेली असते. ते सगळं विसरून माणूस तो जुना आकडा छातीठोकपणे सांगतो. पाकीट हरवल्याचा धक्का असा असतो की मधले तास पुसले जातात. माझ्या खिडकीवर ‘यात कमी आहेत’ म्हणून आवाज चढवलेली कितीतरी माणसं अर्ध्या तासाने मान खाली घालून परत आलेली मी पाहिली आहेत. काही परत आली नाहीत. त्यांतली काही बरोबरही असतील.

दुसरी, आमच्याकडे पैसे असलेली वस्तू कधीही एकट्याने उघडायची नाही, असा शिरस्ता होता. दोघांनी मिळून मोजायचं. कुठल्या किमतीच्या किती नोटा, किती नाणी, हे नोंदवहीत लिहायचं, दोघांची सही, मग लिफाफा बंद करून जोडावर पुन्हा सही. आणून देणाऱ्यासमोर हे व्हायचं आणि त्याला पावती द्यायची. मालक आला की त्याला ‘यात इतके होते का?’ असं कधीच विचारायचं नाही. ‘काय काय होतं ते सांगा’ म्हणायचं आणि ऐकायचं. मग त्याच्यासमोर लिफाफा फोडायचा, मोजायचे, आणि त्याने मोजल्याशिवाय सही घ्यायची नाही. कुणी म्हणालं, ‘अहो राहू द्या, विश्वास आहे,’ तरी आम्ही मोजायलाच लावायचो.

नवीन माणसांना वाटायचं की हे सगळं मालकासाठी आहे. मी त्यांना सांगायचो, हे आणून देणाऱ्यासाठी आहे. त्याच्यावर उद्या कुणी बोट ठेवलं तर ही वही बोलेल. जो पळत येऊन हातात देतो त्याच्यामागे अशी कुठलीच वही नसते.

पायवाटताई, तुम्हाला एकच विचारतो. बटवा शेवटचा पूर्ण कधी मोजला होता? आणि तेव्हापासून बाकापर्यंत काय काय खर्च केलात? कागदावर लिहून बघा. मनातल्या मनात करू नका.

नदीकाठ

मी इथे फारसं लिहीत नाही. हा धागा दोन दिवस उघडतोय आणि बंद करतोय.

सहा वर्षांपूर्वी रेल्वेच्या डब्यात वरच्या फळीवर एक हातपिशवी राहिलेली दिसली. स्थानक आलं होतं, लोक उतरत होते. मी पिशवी घेऊन धावलो. फलाटावर एक कुटुंब भेटलं, त्यांचीच होती. बाईंनी पिशवी घेतली, आतलं पाकीट काढलं, मोजलं. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, ‘यात जास्त होते.’ ते गृहस्थ मला काही बोलले नाहीत. फक्त माझ्यासमोर उभे राहिले, मी निघून जाऊ नये असे. त्यांचा दहा-बारा वर्षांचा मुलगा माझ्याकडे बघत होता.

पोलीस आले. माझी झडती झाली. फलाटावरच, सगळ्यांसमोर. काही सापडलं नाही, सापडणार नव्हतंच. पोलिसाने मला जायला सांगितलं. कुणीही माफी मागितली नाही. माझी पुढची गाडी चुकली होती, ते सोडा.

त्या बाई खोटं बोलत होत्या असं मला आजही वाटत नाही. त्यांना खरंच वाटत होतं की पैसे कमी आहेत. हेच मला जास्त अवघड जातं. खोटारड्या असत्या तर मी रागावून मोकळा झालो असतो.

त्या मुलाचा चेहरा मला आठवतो. त्याने त्या दिवशी काय पाहिलं? एक माणूस पिशवी परत द्यायला आला आणि त्याचे खिसे तपासले गेले. तो मोठा झाल्यावर कुणाची पिशवी उचलेल का?

मोजू नका असं मी म्हणणार नाही. जुनी खिडकी म्हणतात तसं कुणी त्या दिवशी दोघांसमोर मोजलं असतं तर मला आनंदच झाला असता. पण मोजून झाल्यावर समोरच्याकडे कसं बघायचं, हे आपल्या हातात असतं.

तिन्हीसांज

नदीकाठ, वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत त्याबद्दल आभार. मी वर ‘जागेवर जाऊन मोजले असते’ म्हटलं होतं, ते मागे घेते. ते सभ्यपणाचं वाटलं तरी त्यात त्या माणसाला स्वतःची बाजू मांडायची संधीच राहत नाही.

पुरावा

कायद्याच्या अंगाने थोडं लिहितो, कारण बक्षिसाचा विषय अजून कुणी काढला नाही.

जर्मन नागरी संहितेत सापडलेली वस्तू परत करणाऱ्याचा मोबदला ठरवून दिलाय, ५०० युरोपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर ३ टक्के. जपानमध्ये ५ ते २० टक्के, आणि तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू साधारणपणे सापडणाऱ्याची होते. लोकांना वाटतं की अशाने प्रामाणिकपणाला किंमत लावली जाते. मला तसं वाटत नाही. मोबदला हक्काचा असला की देणाऱ्याला उपकार केल्यासारखं वागता येत नाही आणि घेणाऱ्याला ओशाळावं लागत नाही. २०११ च्या सुनामीनंतर जपानमध्ये ढिगाऱ्यांतून हजारो तिजोऱ्या पोलिसांकडे जमा झाल्या आणि त्यांतली बहुतेक रोकड मालकांपर्यंत किंवा वारसांपर्यंत पोहोचवली गेली. तिथल्या लोकांचं कौतुक होतं ते योग्यच, पण जमा करायला जवळ चौकी होती, नोंद घेणारा माणूस होता, काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. चांगलं वागायला त्यांना वाट करून दिलेली होती.

आणि उलट बाजूचं एक उदाहरण. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर १९७८ साली एका प्रवाशाला सोन्याचं कडं सापडलं. त्याने ते विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याकडे दिलं, नाव-पत्ता लिहून दिला आणि मालक आला नाही तर मला परत द्या असं सांगितलं. मालक आला नाही. कंपनीने कडं ८५० पौंडांना विकलं आणि पैसे स्वतःकडे ठेवले. प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेलं. निकाल प्रवाशाच्या बाजूने लागला, खऱ्या मालकाखालोखाल हक्क त्याचाच. संशय घ्यायचाच तर तो नेहमी एकट्या, साध्या माणसावरच का जातो, असा प्रश्न मला तो निकाल वाचताना पडला होता. आपण हरवलेली वस्तू काउंटरवर दिली की निश्चिंत होतो. झाडूवाल्याच्या हातात दिसली की मोजायला घेतो.

पायवाट (धागाकर्ती)

सगळ्यांचं वाचलं. काही वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. आता मला जे पहिल्या वेळी लिहायचं धाडस झालं नाही ते लिहिते.

मी फक्त मोजून थांबले नव्हते. मोजून झाल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं आणि तीन बोटं दाखवली. मग एक मोठी नोट वर धरली आणि पुन्हा तीन बोटं. भाषा येत नव्हती, पण त्याला कळलं. तो काही बोलला नाही. त्याने निळ्या डगल्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. मग पँटचे. एका खिशातून किल्ल्या आणि रुमाल खाली पडला. तो वाकून रुमाल उचलत असताना चालकाने दार लावलं.

‘धन्यवाद’ मी बंद दाराच्या काचेतून म्हणाले. त्याला ऐकू गेलं नसणार.

नदीकाठ, तुमच्या गोष्टीतली ती बाई मी आहे. तुम्ही लिहिलंय की ती खोटं बोलत नव्हती असं तुम्हाला वाटतं. ते वाचून मला रडू आलं, कारण मीही खोटं बोलत नव्हते.

जुनी खिडकी, आज तुम्ही सांगितलं तसं कागदावर लिहायला बसणार आहे. तिकिटं आणि पावत्या एका पाकिटात जपून ठेवल्या आहेत.

सरळरेघ

पायवाट, तुम्ही हे लिहिलंत म्हणून मीही लिहितो. मी वर ‘त्यानेच काढल्या असणार’ असं ठाम म्हटलं होतं. त्या ‘असणार’ला माझ्याकडे काहीही आधार नव्हता. मी पूर्वी एकदा उसने दिलेल्या पैशांत फसलो होतो आणि तो राग इथे, एका अनोळखी माणसावर काढला. प्रवासात सावध राहावं हे मत कायम आहे. पण ते वाक्य मी लिहायला नको होतं.

जुनी खिडकी

पायवाटताई, स्वतःला फार बोल लावू नका. बारा दिवसांचे पैसे, परका देश, सुटणारी गाडी. त्या क्षणी कुणाचंही डोकं आकड्यातच अडकतं. मी खिडकीमागे बसलेला असायचो, मला घाई नसायची, म्हणून मला शांत राहता यायचं.

पुढे कधी कुणाला काही सापडलं तर एवढं करावं. एकट्याने उघडू नये. जवळच्या कुणालातरी बोलवावं, शक्य असेल तर जागेवरच, बंद अवस्थेत फोटो काढावा. कार्यालयात दिली तर पावती मागावी, लाजू नये. मालक समोरच भेटला तर आपणच म्हणावं, ‘घ्या, आधी मोजून घ्या.’ सापडणाऱ्याने मोजायला सांगितलं की मोजण्यातला डंख निघून जातो. हे मी पुष्कळदा पाहिलंय.

पायवाट (धागाकर्ती)

चार दिवसांनी लिहितेय.

हिशेब केला. बटवा मी शेवटचा मोजला होता तो आदल्या दिवशी पहाटे, मुक्कामाच्या खोलीत. डोक्यात होता तो आकडा तेव्हाचा. त्यानंतर खोली सोडताना एक मोठी नोट दिली होती, उरलेले पैसे सुट्या नोटांत मिळाले आणि ते मी कोटाच्या आतल्या खिशात टाकले. कोट धुवायला काढला तेव्हा ते तिथेच होते, घडी घालून. दुसरी मोठी नोट त्याच स्थानकावर तिकिटाच्या खिडकीवर मोडली होती. तिकिटावर वेळ छापलेली आहे, बटवा विसरण्याच्या चाळीस मिनिटं आधीची. ते चाळीस मिनिटांपूर्वीचं मला त्या पायरीवर आठवलं नाही.

तिसऱ्या नोटेचा पत्ता लागला नाही. सगळ्या पावत्या पुन्हा तपासल्या, बॅगेचं अस्तर उलटं केलं. नाही. कुठेतरी खर्च झाली असेल, पडली असेल, किंवा बाकावर बटवा पडून होता तेव्हा दुसऱ्याच कुणीतरी काढली असेल. किंवा त्याने. मला माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच सांगते, तिन्ही नोटांचा हिशेब लागला असता तर मला सोपं गेलं असतं. आता मला तो हिशेब न लागताच त्याच्याबद्दल काय वाटून घ्यायचं ते ठरवावं लागतंय.

मी ठरवलंय. उंबरठा यांच्या ओळखीत तिथली भाषा जाणणारं कुणीतरी निघालं, त्यांनी पत्राचं भाषांतर करून दिलं. स्थानकाच्या व्यवस्थापकांच्या नावे पाठवलंय. तारीख, गाडीची वेळ, फलाट क्रमांक ४, निळा डगला, एवढ्यावरून तो माणूस ओळखता यावा. पत्रात लिहिलंय की या कर्मचाऱ्याने माझा बटवा गाडीमागे पळत येऊन परत दिला, माझी त्याच्याबद्दल कसलीही तक्रार नाही, त्या वेळी मी पैसे कमी असल्याची जी खूण केली ती माझी चूक होती. बारा दिवसांचा प्रवास त्याच्यामुळे पूर्ण झाला. ही प्रत त्याला द्यावी आणि त्याच्या नोकरीच्या कागदांत ठेवावी अशी विनंती केली आहे. पुरावा यांचं वाचून मोबदलाही पाठवावा असं वाटलं, पण तो त्याच्यापर्यंत कसा पोहोचवायचा ते आधी कार्यालयाला विचारलंय. पत्रासोबत पैसे टाकले असते तर ज्याच्या हातात पत्र पडेल त्याला मी पुन्हा त्याच जागी उभं केलं असतं.

तिसऱ्या नोटेबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाही.

आकडेमोड

तिसऱ्या नोटेबद्दल लिहिलं नाहीत हे बरोबर केलंत. जे सिद्ध करता येत नाही ते कुणाच्या कागदांत कायमचं जाऊ नये.

नदीकाठ

पायवाट, पत्राचा मजकूर वाचताना माझे हात थरथरत होते. त्याला तो कागद मिळाला तर तो जपून ठेवेल. घरी दाखवेल. मी ठेवला असता.

काल संध्याकाळी गाडीत समोरच्या बाकावर एकाचा मोबाइल राहिला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा मी उचलला. शेजारच्या काकांना म्हणालो, ‘तुम्ही पण चला माझ्याबरोबर.’ ते आले.